तीन वाजताचं विमान

"सव्वा तास," ईश्वरदादा म्हणाला आणि कपातला चहा बशीत ओतला. "बस्स. पावणेतीनले नागपूरहून सुटलं का चार वाजता मुंबई. हवेतून सातशे किलोमीटर. आन् तुले गावाहून इथं याले किती लागते?"

मी म्हटलं, साडेतीन तास. गाडीबैलानं फाट्यापर्यंत, तिथून तुमसर, तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटापर्यंत. मधली एखादी मोटार चुकली तर पाच.

"पाहा मंग," दादा म्हणाला. "माय मुंबईले गेली म्हणजे तुह्या जवळच आली ना वो."

मी हसले. दादाच्या अशा बोलण्यावर हसायची मला लहानपणापासून सवय आहे. तो दहा वर्षांपासून मुंबईला विमानं दुरुस्त करण्याच्या कारखान्यात आहे, आणि तिथल्या नोकरांच्या आईवडिलांना वर्षातून एकदा पास मिळतो. बाबा असताना तो पास कधी कामी आला नाही. बाबा म्हणायचे, मले जमिनीवर राहू दे. आता बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत, वहिनीला सातवा महिना आहे, आणि दादा मायला न्यायला आला होता. गावात चार दिवस तिची मनधरणी करून तो माझ्या क्वार्टरवर आला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की जमलं.

"चार दिवस नाई म्हणे. घर कोण पाहीन, ढोरं कोण बांधीन, तुळशीले पाणी कोण टाकीन. आन् काल एकदम तयार झाली. कायनं झाली, सांगू?" तो बशी तोंडाला लावून हसला, चहा सांडला. "मले म्हणे, तुमचं इमान आपल्या तळ्यावरूनच जाईन ना गा? मी म्हटलं हो माय, जाईन ना, काहून नाई जाईन. तं म्हणे, बरं मंग, येतो मी. आन् लगेच गेली मंदाबाईकडं सांगाले. शुक्रवारी तीन वाजता साऱ्या बाया तळ्याच्या पाळीवर उभ्या राहतीन म्हणे. नवे लुगडे नेसून. माय वरून पायनार हाय."

चिमी माझ्या मांडीवर पीत होती. तिनं तोंड सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मूल असं पाहतं तेव्हा वाटतं, आत काहीतरी हललं ते त्याला आपल्या आधी कळलं. मी पदर सावरला. दादाला म्हटलं, अजून थोडा चहा घे. तो नको म्हणाला, त्याला नागपूरला जाऊन शुक्रवारच्या सीटा पक्क्या करायच्या होत्या. माय बुधवारी इथे येणार होती, दोन दिवस माझ्याजवळ राहून इथूनच विमानतळावर जाणार होती. दारातून वळून तो म्हणाला, "खाली चिमणीएवढं तळं दिसते का नाई तेही ठाऊक नाही, पण म्हातारी खूश झाली, बस्स."

तो गेला आणि मी भांडी घासायची सोडून ओट्याजवळ तशीच बसून राहिले. ही वेळ माझी असते. फॅक्टरीचा दुपारचा भोंगा वाजून गेलेला असतो, चिमी निजलेली असते, शेजारच्या सुलोचनाबाईंचा रेडिओसुद्धा या वेळी बंद असतो. सगळ्या क्वार्टरांच्या भिंती पिवळ्या, सगळ्यांची दारं हिरवी, सगळ्यांच्या मागे तेवढाच एक नळ. या तासाभरात मी काही शिवते, काही लिहिते, कधी नुसती बसते. त्या दिवशी मी बसले आणि दहा वर्षं मागे गेले. उजेड तोच होता. माघातला, पांढरट, कोरड्या धानाच्या काडीसारखा. मी बारा वर्षांची होते, आणि माय ओसरीत सुपात तांदूळ पाखडत होती, आणि माझ्या हातात दादाचं पहिलं पत्र होतं.

दादा गेला होता दिवाळीनंतर. तेव्हापासून माय नीट जेवत नव्हती. म्हणजे ताट वाढून घ्यायची, भाताचा एक ढीग करायची, मग त्याचे दोन ढीग करायची, मग कुत्र्याला टाकायची. बाबा काही बोलत नसत. आमचे बाबा, गोमाजी पाटील, बोलायचे ते बैलांशी. पोस्टमन पत्र देऊन गेला तेव्हा माय म्हणाली, "वाच वो धुरपते," आणि सूप थांबवलं नाही, जणू काही मोठी गोष्ट नाही. मी वाचलं. मी कुशल आहे, तुम्ही सर्व कुशल असाल. कामाला लागलो. विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात आहे, स्क्रू पिळायचं काम आहे. एका खोलीत सात जण राहतो. जेवण बरं आहे. तुमचा ईश्वर. संपलं. माय म्हणाली, "आन्?" मी शेवटची ओळ परत वाचली. "आन्?" सूप थांबलं होतं. तांदळाचे दाणे काठाशी येऊन थांबले होते. मी पत्र उलटवलं. ते निळं आंतर्देशीय होतं, त्याची मागची घडी पूर्ण कोरी होती. मी त्या कोऱ्या निळ्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले. आमचं विमान रोज तीन वाजता आपल्या तळ्यावरून जातं. मी त्यात असतो. वरून तुम्ही सारे दिसता.

मी खोटं बोलले असं मला त्या वेळी वाटलंच नाही. तीन वाजताचं विमान खरंच जायचं. शाळेतून परत येताना मी ते रोज पाहायची, मावळतीकडून यायचं, तळ्यावर पांढरी रेघ ओढायचं आणि कोक्याच्या जंगलाच्या वर विरून जायचं. दादा विमानाच्या कामाला आहे. विमान आपल्यावरून जातं. मध्ये जे राहिलं होतं ते मी भरून टाकलं, जसं शिवणकामाच्या तासाला बाई म्हणायच्या, टाका सुटला तर तिथल्या तिथे घालून घे. त्या संध्याकाळी मायनं भात जेवला. वर डाळ मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते पत्र माझ्या दप्तरातून काढून घेतलं. बाबांना अक्षर लावून लावून वाचता यायचं. ओसरीच्या खांबाला टेकून त्यांनी ते किती तरी वेळ वाचलं, ओठ हलत होते. मग उलटवून मागची बाजू पाहिली. घडी घातली आणि मला परत दिलं. "जपून ठेवजो," एवढंच म्हणाले.

मग ते वाढत गेलं. पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला आमच्या बांधीत चौदा बाया होत्या. एकमेकींच्या शेतात पाळीपाळीनं जायची पद्धत आहे, आज मंदाबाईच्या बांधीत, उद्या आमच्या. बाया वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागे मागे सरकतात. सकाळपासून वाकलेली पाठ कोणी आधी सरळ करायची हा मानापमानाचा प्रश्न असतो, जी आधी उठेल तिला दिवसभर टोमणे. माय तीन वाजता उठायची. चिखलाचा हात कपाळावर आडवा धरायची आणि वर पाहायची. पहिल्या दिवशी मंदाबाई म्हणाली, "काय वो कौशल्या, कंबर गेली काय?" मायनं सांगितलं. झालं. मग मंदाबाईच ओरडायची, "उठा वो, ईश्वर आला! पाणी प्या!" चौदा बाया एकदम पाठ सरळ करायच्या, कोणी पाणी प्यायची, कोणी तंबाखू मळायची, आनंदाबाई तर वर हात करून म्हणायची, "ए ईश्वर, येताना मुंबईची साडी टाकजो रे खाली." आमच्या बांधीची सुट्टी त्या विमानावर ठरली. दुसऱ्या बांध्यांतल्या बायाही उठायला लागल्या. ढग असले तर माय आवाजावरून सांगायची. एखाद दिवशी विमान आलं नाही तर ती म्हणायची, सुट्टी असन. उशीर झाला तर म्हणायची, आज काम जास्ती असन बिचाऱ्याले.

दादा तीन वेळा रजेवर आला. एकदा तो अंगणात दाढी करत असताना ते वरून गेलं. माय वर पाहून म्हणाली, "आज तुही पाळी दुसऱ्यानं घेतली वाटते." दादाला वाटलं ती कारखान्याच्या पाळीबद्दल बोलते आहे. तो म्हणाला, हो, एक मद्रासी आहे, तोच बघतो. माय समाधानानं आत गेली. मी विहिरीवर होते, हातातला दोर सोडून हसले. आणि हसता हसता मला पहिल्यांदा भीती वाटली.

कारण तोवर मला कळलं होतं. आठवीत पुंडलिकराव मास्तरांनी भिंतीवर देशाचा नकाशा टांगला आणि मला बोलावून म्हणाले, मुंबई दाखव. मी दाखवली. नागपूर दाखव. दाखवलं. मध्ये एक वीत अंतर होतं. मग मीच आपल्या मनानं आपलं गाव कुठे असेल ते शोधलं; नागपूरच्या उजवीकडे, नखाएवढं पुढे. मी तिथे बोट ठेवून उभी राहिले. मुंबई डावीकडे. नागपूरहून मुंबईला जाणारं विमान आमच्याकडे पाठ करून जातं. आमच्यावरून जे जातं ते दुसरंच, कलकत्त्याकडे जाणारं, ज्यात आमचं कोणी नाही. मास्तर म्हणाले, "बस की आता, काय गाव विकत घेतेस?" वर्ग हसला. मी जागेवर येऊन बसले. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा फक्त दोन रोवण्या झाल्या होत्या.

एक दिवस मात्र मी आठवत नाही. म्हणजे आठवत नाही असं ठरवून ठेवलं आहे, आणि त्या दुपारी ओट्याजवळ बसून तेच आठवत होते. बाबा सकाळी गेले, बांधावर बसल्या बसल्या. शेजारचा टिकाराम सायकल घेऊन तुमसरला तार करायला गेला. दादा पोचायला दोन दिवस लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरी एकुलता एक मुलगा, थांबावं की थांबू नये यावर अंगणात माणसं बोलत होती. वैशाखाचं ऊन होतं. मी लग्नाला सहा महिने झालेली, सासरहून धावत आलेली, मायला धरून बसले होते. तीन वाजता ते वरून गेलं. माय उठली, अंगणात आली, कपाळावर हात आडवा धरला. ते जंगलावर विरेपर्यंत पाहत राहिली. मग गावच्या माणसांकडे वळून म्हणाली, "उचला आता. पाहून गेला तो."

आणि त्यांनी उचललं. मी काही बोलले नाही. मी काय बोलणार होते त्या वेळी? पण मी काही बोलले नाही हे खरं आहे. दादा तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याला फक्त राख दिसली, आणि तो मायवर ओरडला, एक दिवस थांबता येत नोतं काय. माय त्याच्याकडे इतक्या मायेनं पाहत होती की तो गप्प झाला. ती म्हणाली, "पायलंस ना तू. मंग झालं."

त्याला ते दुःखानं भ्रमलेल्या बाईचं बोलणं वाटलं.

आता शुक्रवारी चौदा बाया नवी लुगडी नेसून पाळीवर उभ्या राहणार होत्या, आणि माय विमानाच्या खिडकीला नाक लावून आपलं तळं शोधणार होती, आणि खाली वर्धा, अमरावती, कुठले कुठले डोंगर येत राहणार होते. ती दादाला विचारेल, आलं का रे? दादा म्हणेल, काय? तिथे, जमिनीपासून पाच-सहा मैल वर, तिला कळेल. किंवा कळणार नाही, आणि ती म्हणेल, ढग होते. दोन्हींपैकी काय वाईट ते मला ठरवता येईना. आणि याच्या खाली, तळाशी, अजून एक गोष्ट होती. सांगितलं तर ती जाणार नाही. ती विमानासाठी तयार झाली आहे, मुंबईसाठी नाही. ती गेली नाही तर माझ्यापासून साडेतीन तासांवर राहील. चिमीला ताप आला की निरोप पाठवता येईल. चिमीच्या वेळी ती दोन महिने इथे होती. ती गेल्यावर मी नळाखाली बादली लावून तिथेच रडले होते, बादली वाहत राहिली, सुलोचनाबाईंनी येऊन नळ बंद केला. माझे यजमान टेकचंद, लिहिताना नाव घेते, बोलताना घेत नाही, स्वभावानं चांगले आहेत, पण सकाळी सहाच्या बसनं जातात आणि अंगाला दारूगोळ्याचा वास घेऊन येऊन निजतात. खरं सांगायची माझी इच्छा खरेपणामुळे आहे की मायला अडकवण्यासाठी, हे मी माझ्या मनाला विचारलं. तेवढ्यात चिमी उठली.

माय बुधवारी आली. गाठोडं एक, तांदळाची पिशवी एक, आणि हिरव्या काठाचं लुगडं वेगळं, घडी मोडू नये म्हणून छातीशी धरून आणलेलं. आल्या आल्या तिनं चिमीला हातात घेतलं आणि म्हणाली, "वाळली वो पोरगी. तू जेवतस का नाई?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागच्या अंगणात पाटावर बसून पाय लांब केले, चिमीला नडग्यांवर पालथं घातलं आणि तेल चोळायला घेतलं. मी गरम पाण्याचा गंज घेऊन बाजूला बसले. तिच्या हातांना तेल आणि मूल असलं की ते हात तिचे राहत नाहीत, कुठल्या तरी फार जुन्या बाईचे होतात. चिमी उन्हात डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, आत्ता. तिचे हात गुंतले आहेत, आत्ता ती उठून जाऊ शकत नाही.

"माय, उद्याचं विमान आपल्या गावावरून जात नाई."

"काहून? वाट बदलली का?"

"नाई. ते दुसरीकडं जाते. मावळतीकडं. आपलं गाव उगवतीकडं राहते."

"पाणी टाक," माय म्हणाली. मी टाकलं. तिनं चिमीच्या कपाळावर आडवा तळवा धरला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. "मंग तीन वाजताचं?"

"ते कलकत्त्याचं असते, माय. दादा त्यात नसते. कधीच नोता. तो खाली काम करते, कारखान्यात. पत्रात तसं काही नोतं. मीच वाचलं माझ्या मनानं. तू जेवत नोती म्हणून."

हात थांबले नाहीत. मानेमागे, कानामागे, बगलेत, बोटांच्या मधे. मी पाणी टाकत राहिले. गंजातलं पाणी संपत आलं तेव्हा ती म्हणाली, "मंदाबाई बिचारी उभी राहीन ना उन्हात." मग चिमीची मान पुसत, "दहा वरसं." तिनं चिमीला उताणं केलं. चिमी हसली, तिला काय. "आन् तुह्या बाबाच्या दिवशी..." मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही, तिच्या पायांकडे पाहत होते. तेल आणि डाळीच्या पिठात माखलेली ती पावलं, भेगा पडलेली, चिखलाच्या रेषा कधीच न गेलेली.

"तुह्या बाबाले ठाऊक होतं?"

"त्यायनं पत्र वाचलं होतं."

"हं." तिनं चिमीला पंच्यात गुंडाळलं. गुंडाळताना तिचे हात पहिल्यांदा चुकले, टोक सुटलं. "बुढा उठायचा वो तीन वाजता. नांगर थांबवून वर पायचा. मले वाटे, लेकरासाठी पायते." ती हसली असं मला वाटलं, पण तो हसण्याचा आवाज नव्हता. "माह्यासाठी पाये."

ती चिमीला घेऊन आत गेली. मी अंगण झाडलं, नसलेला कचरा झाडला. आत गेले तेव्हा माय चिमीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "आताच काहून सांगितलंस? दहा वरसं नाई सांगितलंस ते, उद्या निंगतो तं आज?"

"तुझी फजिती होऊ नये म्हणून."

"तेवढ्यासाठीच?"

"हो."

तिनं मान वर केली. मायचे डोळे फार लहान आहेत, बारीक, पण ती पाहते तेव्हा सारं एकदम पाहते. "धुरपते, म्या जाऊ नये वाटते तुले, तं तसं सांग ना. नोको जाऊ म्हण. इमानाची वाट कायले सांगतस मले?"

किती सोपं होतं. तीन शब्द होते. ओठावर आले होते ते, पण बाहेर ओट्यावर दादाच्या बुटांचा आवाज झाला, आणि वहिनीचा सातवा महिना आठवला, आणि लेक म्हणून मायला असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही ते कळेना. आमच्याकडे लेकीनं मागायचं नसतं, दिलं ते घ्यायचं असतं. "नाई माय," मी म्हटलं, "तसं काई नाई. तू जा."

"बरं," माय म्हणाली. बस. जेवढा शब्द दिला तेवढाच ती घेते.

दादा आत आला तो खुशीत, सीटा खिडकीजवळच्या मिळाल्या म्हणून. माय म्हणाली, "ईश्वर, मी येतो तुह्यासंग. पण रेल्वेनं." दादा हसला. मग त्याला कळलं की ती थट्टा करत नाही. "माय, पास आहे, सीटा पक्क्या आहेत, सव्वा तासात... रेल्वेनं अठरा-वीस घंटे बसावं लागते! कंबर मोडीन तुही!"

"मोडू दे."

"अवो पण काहून? परवा तं हो म्हणत होती! बायाले उभं करून राहिली होती तू पाळीवर!"

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तिची जन्मभर ऋणी राहीन. "बायाले म्या सांगन," ती म्हणाली. "साऱ्याजणी तुमसर रोडले येतीन, ठेसनावर. रेल्वे तं आपल्या इकडूनच जाते ना? तिची वाट तं बदलत नाई ना? मंग तिनंच जातो. एवढ्या दूर जायचं तं दूर गेल्यासारखं वाटलं पायजे मले. सव्वा घंट्यात पोचलो तं शरीर तिथं आन् जीव इथं, मंग दोन महिने जीव येयाची वाट पायत बसू काय तुह्या खोलीत?"

टेकचंद त्या दिवशी रजा घेऊन घरीच होते. दादा त्यांना म्हणाला, "भाटवे, तुमीच सांगा हो." ते म्हणाले, "मी काय सांगू, माय बराबर सांगून राहिली," आणि वर्तमानपत्र उघडलं. दादा त्या दिवशी माझ्याशीही बोलला नाही. त्याला वाटलं, मीच तिच्या मनात काहीतरी भरवलं. ते खरंच होतं, फक्त त्याला वाटत होतं तसं नव्हतं. माय दुपारच्या बसनं गावाला परत गेली, मंदाबाईला सांगायला. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

सोमवारी मुंबईची गाडी भंडारा रोडला दोन मिनिटं थांबते म्हणून टेकचंद, चिमी आणि मी, आम्ही तिघं वरठीच्या त्या स्टेशनावर गेलो. फलाटावर ऊन होतं, हमाल पोत्यांवर निजले होते. मी चिमीला कडेवर घेऊन डब्याचा अंदाज घेत उभी राहिले; माझा अंदाज चुकला, डबा पुढे गेला, मी धावले, टेकचंद पिशवी घेऊन मागे. खिडकीत माय बसली होती, हिरव्या काठाच्या लुगड्यात. इतकी लहान दिसत होती की मी आधी ओळखलंच नाही. तिनं गजांतून हात बाहेर काढून चिमीचा पाय धरला.

"बाया आल्या होत्या?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"बावीस आल्या. गाडीबैल भरून. मंदाबाई म्हणे, कौशल्याबाई, तिकीट दाखव आमाले, बिना तिकिटाची तं नाई जाऊन राहिली? गार्डासमोर! आन् मंग गाडी हालली तं तीच रडाले लागली सगळ्यायच्या आधी." मायचे डोळे कोरडे होते. "तळं दिसलं. बाभळीमांगून. रेल्वेच्या गेटवरून चांगलं दिसते."

दारात उभा असलेला दादा ओरडला, "एक मिनिट राहिला वो!" आणि चिमीला हवेत बोट नाचवून दाखवलं, म्हणजे राग गेला होता.

मी गज धरला. गज तापलेला होता. आणि ते माझ्या तोंडातून आलं, मोठ्यानं, शेजारच्या खिडकीतल्या माणसानं वळून पाहिलं. "माय, नोको जाऊ."

मला वाटलं मायला ऐकू गेलं नाही. मग तिनं तो चिमीचा पाय सोडला आणि माझं मनगट धरलं, लहानपणी बांधावरून नेताना धरायची तसं, हाडाला लागेल असं घट्ट.

"आता बसलो ना बाई मी," ती म्हणाली. शिट्टी झाली. "रोवणीले घ्याले येजो."

"कोण?"

"कोण म्हणजे? तू. लेक सासरी असली का तिले घ्याले मायबाप जातेत. मुऱ्हाळी पाठवतेत. आपल्या मनानं येता येते का लेकीले? मंग मले सुनेच्या घरून आपल्या मनानं कसं उठून येता येईन? घ्याले आलं कोणी तं येता येते. तू येजो. मांगशीन तवाच भेटन," आणि गाडी हलली, आणि तिनं मनगट सोडलं नाही, मी तिच्याबरोबर पाच-सात पावलं चालले, मग धावले, मग टेकचंदनी ओरडून मला दंडाला धरलं आणि तिनं सोडलं. तिनं हात हलवला नाही. खिडकीतून ती पुढेही पाहत नव्हती, मागेही नाही; मी जिथे होते तिथे पाहत होती, डबा वळेपर्यंत.

फलाट एकदम मोठा झाला. चिमीनं माझ्या गळ्याभोवतीची पोत तोंडात घातली होती. टेकचंद म्हणाले, "चाल वो, दोन वाजताची बस जाईन."

"जुलैच्या गाडीचं रिझर्वेशन कवापासून देतात?"

"कोणाचं?"

"माझं. जाताना एक. येताना दोन."

ते थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तू? मुंबईले? तू नागपूरच्या पुढं तरी कधी गेली आहेस काय?"

मी तिकिटाच्या खिडकीकडे निघाले होते.